बांधून ठेवलेली ओळ

आमच्या घरातले पुरुष हृदयानं जातात. दुसऱ्यांच्या घराण्यांत नाक चालत येतं, टक्कल चालत येतं, नशीबवानांकडे बंगला चालत येतो. आमच्याकडे हृदयविकार आला. याची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही, कारण बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या बरोबर वर तीन चौकटी टांगलेल्या आहेत. आजोबा, मोठे काका आणि बाबा. घरचाच छापखाना होता, त्यामुळे प्रत्येकाच्या फोटोखाली निधनाची छापील सूचनाही काचेआड बसवलेली. तिन्हींत मधली ओळ एकच : ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने आकस्मिक निधन झाले.’ फरक फक्त वयात. आजोबा चोपन्नाव्या वर्षी, काका त्रेपन्नाव्या, बाबा बावन्नाव्या.

मला यंदा एक्कावन्नावं लागलं.

‘‘तीन ठिपक्यांवरून रेघ ओढायची नसते,’’ बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवते.

‘‘पण रेघ सरळ आहे की नाही?’’

‘‘एवढी सरळ रेघ दिसली की मी मुलांना विचारते, कुणाच्या वहीत बघून काढलीस?’’

हा विनोद समजून मी सोडून दिला. खरं तर मी सोडायला नको होता, कारण संशय हाच माझा धंदा आहे. पाठ्यपुस्तकं आणि माहितीपुस्तिका काढणाऱ्या एका प्रकाशनात मी मुद्रितशोधक आहे. छापलेल्या प्रत्येक अक्षराकडे वाकड्या नजरेनं बघण्याचा मला पगार मिळतो. पण त्या ओळीकडे मी कधी तसं बघितलं नाही. जोडाक्षरंच मी तिच्यावरून शिकलो. इतर मुलं ‘चक्र’ आणि ‘पत्र’ वाचत होती तेव्हा मी ‘तीव्र’ आणि ‘आकस्मिक’ वाचत होतो. ज्या ओळीनं आपल्याला वाचायला शिकवलं तिच्यात चूक कोण शोधतो?

या वारशाचा एक मोठा फायदा होता. जाणार आहोतच म्हटल्यावर सिगारेट सोडण्याचं काही कारण उरत नव्हतं. मीठ वरून घेताना हात अडत नव्हता. सकाळी फिरायला जाणारे शेजारी खिडकीतून दिसायचे तेव्हा मला त्यांची कीव यायची. बिचाऱ्यांना आपण कशानं जाणार हे माहीत नव्हतं, म्हणून सगळ्याच बाजूंनी काळजी घ्यावी लागत होती.

मध्यंतरी माझ्या टेबलावर हृदयविकाराची एक पुस्तिका तपासायला आली. ‘कारणे व जोखीम’ हे प्रकरण मी सिगारेट ओढत तपासलं. धूम्रपानाच्या परिच्छेदावर राख पडली, ती फुंकून बाजूला करावी लागली. त्याखाली रक्तदाब, रक्तातली चरबी, साखर, पोटाचा घेर, बैठं काम, अपुरी झोप, मनावरचा ताण. वर्गात हजेरी घ्यावी तसं मी वाचत गेलो आणि प्रत्येक नावाला आतून कुणीतरी ‘हजर’ म्हणत होतं. शेवटी ‘कुटुंबातील इतिहास’ आला. तिथे मात्र मी जरा सावरून बसलो. बाकीचे सगळे भाडेकरू, हा घरमालक.

आमचं ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्टवर ‘तात्पुरती बंद’ अशी पाटी आहे. ती इतकी जुनी झालीय की मध्यंतरी तिलाच नवीन रंग दिला. तर त्या जिन्यात, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, छातीत डावीकडे कळ आली. मी कठड्याला धरून उभा राहिलो आणि पहिला विचार मनात आला तो असा : वेळेवर आली.

आठवडाभर ती रोज येत राहिली. मी घरी बोललो नाही. पण बायकोनं मला सोफ्यावर बसून मान मागे टाकून भिंतीकडे बघताना पकडलं.

‘‘काय बघताय?’’

‘‘चौथ्या चौकटीला जागा आहे का ते.’’

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं शाळेतून रजा घेतली आणि मला हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर तिशीतली, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. ‘‘बसा काका,’’ ती म्हणाली. इथेच माझा अर्धा जीव गेला.

‘‘नेमकं काय होतं?’’

‘‘छातीत दडपल्यासारखी वेदना, श्रमाने वाढणारी, डाव्या खांद्याकडे पसरणारी आणि विश्रांतीने कमी होणारी,’’ मी म्हणालो. वाक्य पुस्तिकेतलं, जसंच्या तसं. त्यातले स्वल्पविराम मीच घातले होते.

डॉक्टर जरा चमकली. एवढं शिस्तीत दुखणारा पेशंट तिला पहिल्यांदाच भेटला असावा.

‘‘घरात कुणाला हृदयाचा त्रास?’’

‘‘आजोबा, काका, वडील. तिघंही झटक्यानं.’’ मी वयं सांगितली. तिचं पेन थांबलं. मला लाजिरवाणं वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर थोडा अभिमानच वाटला.

‘‘सिगारेट?’’

‘‘अधूनमधून.’’

‘‘पाकीट,’’ बायको म्हणाली. ‘‘रोज. अधूनमधून दोन.’’

‘‘व्यायाम?’’

‘‘चार मजले चढतो.’’

‘‘लिफ्ट बंद आहे म्हणून,’’ बायको म्हणाली.

‘‘जेवणात मीठ?’’

‘‘बेताचं.’’

बायकोनं नुसतं खिडकीबाहेर बघितलं. डॉक्टरनं ते लिहून घेतलं.

रक्तदाब एका हातावर मोजला, मग विश्वास न बसल्यासारखा दुसऱ्या हातावर मोजला. कार्डिओग्राम काढला. ‘‘तसा ठीक आहे,’’ ती म्हणाली, आणि त्या ‘तसा’वर मी पुढचे चार दिवस काढले. चार दिवसांनी पट्ट्यावर चालवून हृदयाची चाचणी करायची होती. रक्तही तपासणीसाठी काढून घेतलं.

त्या चार दिवसांत मी फार चांगला वागलो. पाण्याचा पंप अडला की नेमकी कुठे चापट मारायची ते बायकोला दाखवलं. ऑफिसात ज्या सहकाऱ्याशी एका विसर्गावरून माझं बोलणं बंद होतं त्याला स्वतःहून चहा पाजला. तो इतका घाबरला की त्यानं विसर्ग मान्य केला.

आत्याला सांगायचं राहिलं होतं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर छापखान्यात खिळे जुळवले. खिळे म्हणजे शिशाची उलटी अक्षरं. एकेक वेचून ओळ उभी करायची. छापखाना बंद झाल्यावर खालची जागा व्यायामशाळेला दिली. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि आत्या मागच्या खोलीत. खाली लोक उड्या मारतात तेव्हा तिच्या कपाटातल्या बरण्या वाजतात.

‘‘आत्या, माझी हृदयाची तपासणी आहे.’’

‘‘का रे खिळ्या? काय झालं?’’ लहानपणी मी इतका किडकिडीत होतो की तिनं मला हे नाव दिलं. आता पोटाच्या घेरानं त्या नावाचा अपमान होतो, पण तिनं नाव बदललेलं नाही.

‘‘बाबांना आधी काही जाणवलं होतं का गं?’’

‘‘त्याला कुठलं जाणवतंय? एकदा कामाला लागला की पाय कापून नेला असता तरी कळलं नसतं,’’ ती म्हणाली, आणि उठून चष्मा शोधायला लागली. ‘‘मी पण येते तुझ्याबरोबर.’’

‘‘तू कशाला त्रास घेतेस?’’

‘‘कसला त्रास? गार हवा असते तिथे. इथे या लोकांच्या उड्या.’’

चाचणीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. माझ्या छातीवरचे केस ठिकठिकाणी भादरून वायरी चिकटवल्या आणि मला सरकत्या पट्ट्यावर उभं केलं. मी चालायला लागलो. पट्टा मागे, मी पुढे, दोघंही जागच्या जागी. पट्टा चढा झाला, वेग वाढला. मी मनात झटक्याची वाट बघत होतो. समोरच्या भिंतीवर उगीचच तीन चौकटी दिसत होत्या. घाम आला, धाप लागली, जीभ टाळूला चिकटली. झटका काही आला नाही. पट्टा थांबला तेव्हा थोडं चुकल्यासारखंच वाटलं.

मग डॉक्टरच्या खोलीत बसलो. मी आणि बायको टेबलासमोर. आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर, गार हवेच्या झोताखाली, डोळे मिटून.

‘‘चाचणीत काही सापडलं नाही,’’ डॉक्टर म्हणाली. बायकोनं माझा हात धरला. ‘‘पण काका, मला स्वस्थ बसवत नाही. तुम्ही सांगता ती वेदना अगदी हृदयाची. आणि घरातले तीन पुरुष, तिघंही पंचावन्नच्या आत, तिघंही अचानक. एवढा इतिहास असताना मी नुसत्या या चाचणीवर तुम्हाला घरी पाठवणार नाही. अँजिओग्राफी करू. मनगटातून बारीक नळी आत नेऊन रक्तवाहिन्या बघायच्या. अडथळा दिसला तर लगेच पुढचं ठरवू.’’

‘‘कधी?’’ बायकोनं विचारलं.

‘‘याच आठवड्यात.’’

मी मान डोलावली. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

‘‘कुठले तीन पुरुष?’’ कोपऱ्यातून आत्या म्हणाली.

‘‘आपलेच गं. आजोबा, काका, बाबा.’’

‘‘त्यांचं काय?’’

‘‘हार्ट, आत्या.’’

‘‘कुणाचं हार्ट? अण्णा छपरावरून पडले.’’

अण्णा म्हणजे माझे आजोबा.

‘‘शेजाऱ्याचं पन्हाळं आपल्या भिंतीवर गळायचं,’’ आत्या डॉक्टरला समजावून सांगायला लागली. ‘‘तो म्हणायचा, नाही गळत. अण्णा म्हणाले, वर चल, दाखवतो. दोघं वर गेले. अण्णांनी वाकून दाखवलं. मुद्दा त्यांचाच बरोबर होता हो.’’

‘‘आणि काका?’’ मी विचारलं.

‘‘दादा? तो भरल्या पोटी पैज लावून तळ्यात उतरला. पोहता येतं, असं त्याचं म्हणणं होतं.’’

डॉक्टरनं पेन टेबलावर ठेवलं. बायको माझा हात इतका दाबत होती की रक्तपुरवठ्याची काळजी मला आता तिथली वाटायला लागली.

‘‘आणि बाबा?’’

आत्या खुर्चीत सरळ बसली. पदरानं चष्मा पुसला.

‘‘अपेंडिक्स. पोटात फुटलं त्याच्या. मोठं काम होतं मशीनवर, वेळेत द्यायचं होतं. पोट धरून उभा राहायचा आणि म्हणायचा, गॅस झालाय. तुझी आई म्हणाली, डॉक्टरला दाखवू. हा म्हणाला, काम संपू दे. तिनं ऐकलं त्याचं. नेलं तेव्हा उशीर झाला होता.’’

मी तेव्हा दुसरीत होतो. मला आठवतं ते एवढंच, की मशीन बंद होतं आणि घरात फार शांतता होती.

‘‘मग ती ओळ?’’

‘‘मी जुळवली ना. अण्णा गेले तेव्हा आई म्हणाली, छपरावर चढून भांडताना पडले असं छापायचं का? लोक हसतील. तेव्हा एक नेता हृदयविकारानं गेला होता, मोठं छापून आलं होतं. बरं दिसत होतं. मी तेच जुळवलं. मग दादाच्या वेळी ओळ तयारच होती, दोऱ्यानं बांधून ठेवलेली. तळं, पैज, कोण सांगत बसणार? आणि तुझ्या बाबाच्या वेळी...’’ तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. ‘‘तुझ्या आईला वाटायचं, आपण ऐकायला नको होतं. हार्ट म्हटलं की कुणाची चूक नसते रे. झटका आला, गेला. तेवढं तरी तिला द्यायला हवं होतं ना?’’

आईनं ती काच दर रविवारी पुसली. तिनं कधी दुरुस्ती सुचवली नाही.

‘‘आजी,’’ डॉक्टर हळूच म्हणाली, ‘‘तुमच्या छापखान्यात बाहेरच्यांच्याही सूचना छापल्या जायच्या?’’

‘‘मग काय, पोट कशावर चालायचं? गिऱ्हाईक रडत यायचं. कशानं गेले असं विचारायला जीभ रेटत नाही. ओळ बांधलेली. नाव घालायचं, वय घालायचं, लावून टाकायचं.’’

‘‘आणि कुणी तक्रार केली नाही?’’

‘‘एकानंच केली. त्याचा बाप जिवंत होता. पण ती चूक नावाची होती, आजाराची नव्हे.’’

डॉक्टर हसायला लागली. आधी आवरून, मग टेबलावर कोपर टेकून. आमच्या छापखान्यानं अर्ध्या वस्तीला हृदयविकार दिला होता, आणि त्यातला सर्वांत निष्ठावान रोगी तिच्या समोर बसला होता.

मग तिनं डोळे पुसले, उठून माझ्याजवळ आली. ‘‘काका, पुस्तकातलं बोलू नका. बोटानं दाखवा, कुठे दुखतं?’’

मी दाखवलं. तिनं तिथेच, बरगडीवर, अंगठा दाबला.

‘‘आई गं!’’

‘‘हेच दुखणं? हीच कळ?’’

‘‘हीच!’’

‘‘हृदय अंगठ्यानं दाबून दुखत नाही. डाव्या खांद्यावर काय घेऊन जिना चढता?’’

‘‘बॅग. प्रुफांचे गठ्ठे असतात.’’

‘‘जड?’’

‘‘शब्दकोश चाललाय सध्या,’’ बायको म्हणाली. तिला आता हसू आवरत नव्हतं.

‘‘बरगडीचा स्नायू ओढला गेलाय. बॅग दुसऱ्या खांद्यावर घ्या. चाचणी चांगली आहे, नळी सध्या नको.’’ डॉक्टर परत खुर्चीत बसली आणि रक्ताचे अहवाल पुढे ओढले. ‘‘आता वाईट बातमी. रक्तदाब जास्त आहे. चरबी जास्त आहे. साखर उंबरठ्यावर उभी आहे. रोजचं पाकीट. दिवसभर खुर्ची. वरून मीठ. आजी, तुम्हाला रक्तदाब आहे?’’

‘‘पन्नाशीपासून. गोळी घेते की रोज. आईलाही होता.’’

डॉक्टरनं ते लिहून घेतलं. ‘‘हा एवढाच खरा वारसा दिसतो. आणि त्याच्यावर गोळी आहे, आजी ऐंशीच्या पुढे चालत आल्यात. बाकी सगळं, काका, तुमचं स्वतःचं आहे. स्वकष्टार्जित. आजोबांवर ढकलता येणार नाही. पण वडिलोपार्जित सोडता येत नाही, हे सोडता येतं. असंच चालू ठेवलंत तर दहा वर्षांनी तुम्ही ती छापील ओळ खरी करून दाखवाल. घराण्यातले पहिले.’’

आयुष्यात इतकी आनंदाची बातमी मला कुणी इतक्या रागानं दिली नव्हती.

बाहेर आल्यावर बायको बाकावर बसली आणि रडायला लागली. मी शेजारी बसलो.

‘‘सगळं नीट आहे ना आता?’’

‘‘म्हणून तर रडतेय.’’ तिनं नाक पुसलं. ‘‘ती रेघ मी पण ओढली होती हो. लग्न झालं त्या वर्षीच. रोज खोडत होते.’’

खिशातलं पाकीट काढून मी तिच्या पर्समध्ये टाकलं. तिनं ते काढून बाकाशेजारच्या डब्यात टाकलं आणि पर्स झटकली.

‘‘कुणाच्या वहीत बघून काढली ते कळलं एकदाचं,’’ ती म्हणाली, आणि आत्याकडे बघून पुन्हा हसायला लागली.

‘‘मी काय केलं?’’ आत्या म्हणाली. ‘‘मला आधी कुणी विचारलंत का?’’

हे खरं होतं. ज्या बाईनं ओळ जुळवली तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण ओळ छापील होती.

घरी आल्यावर आत्यानं मला मागच्या खोलीत बोलावलं. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक चपटा डबा काढला. आत फडक्यात गुंडाळलेली ती ओळ होती. शिसं काळं पडलेलं, कडेनं दोरा गच्च.

‘‘ही कशाला ठेवलीस अजून?’’

‘‘तुझ्यासाठी,’’ ती म्हणाली. ‘‘म्हटलं, वेळ आली तर वय तेवढं घालायचं राहील.’’

आमच्या घरात माया अशीच करतात.

मी टेबलावर जुना लाकडी खणांचा ट्रे ठेवला. आत्यानं दोरा सोडला. इतक्या वर्षांत त्या अक्षरांना सुटं राहण्याची सवय उरली नव्हती, ती चिकटूनच बसली. तिनं नखानं एकेक वेगळं केलं. ‘हृ’ त्याच्या खणात गेला, ‘द’ त्याच्या, ‘य’ त्याच्या. डोळे अधू झालेत तिचे, पण बोटांना खण पाठ होते. मी फक्त ट्रे धरून होतो. ‘झटक्याने’पर्यंत आल्यावर खाली व्यायामशाळेत कुणीतरी जोरात उडी मारली आणि खण थरथरले.

‘‘तू जा जरा खाली,’’ आत्या मान वर न करता म्हणाली. ‘‘निदान एक जण तरी ओळखीचा उड्या मारतोय एवढं समाधान वाटेल.’’

गेलो. जिथे मशीन होतं तिथे आता पट्टे आहेत, आणि जिथे बाबा पोट धरून उभे राहायचे तिथे वजनकाटा. भिंतीवरचा शाईचा एक डाग कुणालाही काढता आलेला नाही. मी त्याच्यासमोर थोडा वेळ उभा राहिलो. मग व्यायामशाळेचा मास्तर आला, दंड एवढे की हात अंगाला टेकत नव्हते.

‘‘पहिल्यांदाच? या. सुरू करण्याआधी विचारायला लागतं, घरात कुणाला हृदयविकार?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. हा शब्द आयुष्यात मी पहिल्यांदाच या प्रश्नाला वापरत होतो आणि तो तोंडात फार हलका लागला. ‘‘माझा रक्तदाब वाढलाय, डॉक्टरनं चालायला सांगितलंय. पण हृदयाचं काही नाही. आमच्या घरातले पुरुष छपरावरून पडतात.’’

मास्तरनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पोटावर जरा जास्त वेळ.

‘‘मग पट्ट्यावरून सुरुवात करू,’’ तो म्हणाला. ‘‘तिथून पडलात तरी फार लागत नाही.’’